गाडीसाठी मालकाची दहा मिनिटे

आमच्या ओळखीचे एक कापड व्यापारी आठवडे बाजार करतात. मारुतीची जुनी ओम्नी, मागची आसने काढलेली आणि आत छतापर्यंत गाठोडी. एका बाजाराच्या दिवशी पहाटे घाट चढताना ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन टकटक वाजू लागले. 'बाजार गाठू, मग पाहू' म्हणून ते चालवत राहिले आणि वरच्या वळणावर इंजिन जाम झाले. बाजार बुडाला, गाडी दोर बांधून आणावी लागली आणि क्रँकपासून सगळे काम निघाले. मिस्त्रीने ऑइल काढले तेव्हा जेमतेम वाटीभर निघाले. गळती किरकोळ होती, पण कित्येक महिन्यांत कोणी पट्टी काढून पाहिली नव्हती.

ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी बेकरीवाले, फळवाले, फर्निचरचे कारागीर यांच्या दारात ती आजही दिसते. नवी घेणारे ईको घेतात. दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आसन उचलल्याशिवाय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते पाहायचे राहून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा, दुकान उघडण्यापूर्वी, मालकाने गाडीला दहा मिनिटे द्यावीत असे आम्ही सुचवतो.

पहिले काम ऑइलचे. गाडी सपाट जागी उभी असावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली असावीत. पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मग पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेकडे आले असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचे ऑइल थोडे थोडे ओतावे. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. जास्त ऑइलही इंजिनाला सोसत नाही. ऑइल काळे पडले म्हणून घाबरायचे कारण नाही. परंतु ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले आहे असे समजावे. अशी गाडी सुरूसुद्धा करू नये.

दुसरे रेडिएटरचे. इंजिन गरम असताना त्याचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली उकळते पाणी असते आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उडते. हात-तोंड भाजलेले ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. वाटेत काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे, मागे गिऱ्हाईक कितीही खोळंबले असले तरी. आपल्याकडे बोअरचे पाणी ओतण्याची सवय आहे. ते जड पाणी आत क्षार धरते, नळ्या बुजतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी का तापते ते कळत नाही. अडचणीत साधे पाणी चालेल, एरवी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

टायरची हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. माल भरायचा असेल तर पुस्तिकेतला भरलेल्या गाडीचा आकडा पाहावा. टायर स्वतःच बोलतो: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेले. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा. स्टेपनीची हवा मात्र कोणी पाहत नाही!

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळी भुकटी जमली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवावी आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. जवळ विडी-सिगारेट नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

फ्यूजबाबत आमचीच चूक सांगतो. एका प्रवासात दिव्यांचा फ्यूज उडाला, जवळ दुसरा नव्हता, म्हणून आम्ही तांब्याची तार लावून काम भागवले. तासाभराने डॅशबोर्डमागून जळका वास येऊ लागला. वायरिंग वितळले होते, आणि मागे माल होता. तेव्हापासून त्याच अँपिअरचे चार फ्यूज आमच्या गाडीत कायम असतात.

आमच्या वाचकांत गॅरेज चालवणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतील, मालकाने सगळे घरीच केले तर आमच्या रोजीचे काय? एका जुन्या मिस्त्रींना आम्ही हेच विचारले. ते हसून म्हणाले, "बघणारा मालक गाडी चालवत आणतो. न बघणारा दोराने आणतो, आणि बिल ऐकून उधारी मागतो." आमचाही अनुभव वेगळा नाही. शिवाय ब्रेक, स्टिअरिंग आणि गॅस किट ही कामे घरी करण्याची नव्हेत. ब्रेक ऑइलची पातळी मालकाने पाहावी. ती उतरली असेल तर लायनर झिजले आहेत किंवा कुठे तरी गळते आहे, आणि नुसते ऑइल भरून ते दडपू नये. गाडी मिस्त्रीकडे न्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये.

ऑइल घरी बदलले तर जुने ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तेथून ते शुद्धीकरणासाठी घेणाऱ्यांकडे जाते. आणि बदलले त्या दिवशीचे किलोमीटर दुकानाच्या वहीतच लिहून ठेवा, गाडीतला कागद हरवतो.