ओक्लाहोमाचे वार्तापत्र : वादळामागची माणसे

एप्रिल-मे आला की ओक्लाहोमातील नॉर्मन शहरात टोर्नेडोचा पाठलाग करणाऱ्यांची लगबग सुरू होते. टोर्नेडो म्हणजे समुद्रावरचे चक्रीवादळ नव्हे. एकाच अजस्र गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हा भोवरा बहुधा काही मिनिटेच टिकतो, पण तेवढ्यात घरे भुईसपाट करतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी १,२०० टोर्नेडो नोंदले जातात.

पाठलाग जमतो तो इथल्या भूगोलामुळे. सपाट माळरान, मैला-मैलावर काटकोनात छेदणारे रस्ते आणि लांबूनच नजरेत भरणारा एकटा ढग. वादळ सहसा ईशान्येकडे सरकते, म्हणून जाणकार त्याच्या आग्नेयेला थांबतो. तिथून पाऊस-गारांचा पडदा आड येत नाही. गाडीचे तोंड मात्र आधीच परतीच्या रस्त्याकडे वळवलेले असते.

डेव्हिड होडली १९५६ पासून निव्वळ हौसेने वादळांमागे फिरू लागले. शास्त्रज्ञ नंतर आले. नॉर्मनमध्ये १९६४ साली तीव्र वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटीजवळच्या टोर्नेडोचे तिच्या पथकांनी आरंभापासून शेवटपर्यंत चित्रण केले. त्याच वेळी डॉपलर रडारही त्यावर रोखलेले होते. भोवरा जमिनीला टेकण्याआधीच ढगात फिरू लागतो, हे त्या नोंदींतून उमगले आणि आजच्या पूर्वसूचनांना आधार मिळाला. १९९६च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटानंतर हौशांची गर्दी वाढली; आता सहली काढून पोट भरणारेही आहेत. धोका मात्र अनुभवी माणसालाही चुकत नाही. ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथे ४.२ किलोमीटर रुंद टोर्नेडोने संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा बळी घेतला. खरी उपयुक्त फौज वेगळीच: आपापल्या गावातून आकाश पाहून हवामान खात्याला कळवणारे ‘स्कायवॉर्न’चे स्वयंसेवक.

आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ-बदलापूरला उपयोगी पडेल तो या स्वयंसेवकांचाच नमुना. वळवाचा ढग तिथे डोंगर आणि इमारतींआड राहतो, बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत पाठलाग संपतो. जुलैत तर सारे आभाळच एक ढग. त्यामुळे तिथले हवामानवेडे एका जागी बसून मोजतात. बदलापुरातील खासगी हवामान केंद्राचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. त्यांचे मोल उल्हास नदी दाखवते: कर्जतकडचा पाऊस काही तासांत बदलापूरला आणि पुढे उल्हासनगर-कल्याणच्या सखल वस्त्यांत पोचतो. जुलै २०१९च्या अशाच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि २७ तारखेला सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली.

पर्जन्यमापक फारसा महाग नाही. तो झाड-छपरापासून दूर, मोकळ्यावर ठेवावा आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचावा. कर्जत ते उल्हासनगर गावोगावच्या शाळांनी एवढे करावे.