प्रश्न विचारणारे मूल आणि आपली शाळा

‘विद्यार्थीकेंद्री शिक्षण’ हा शब्द अलीकडे शिक्षकांच्या शिबिरांतून वारंवार ऐकू येतो. भिंतीवर रंगीत तक्ते लावले, फरशीवर आकडे रंगविले, मुलांना गोलाकार बसविले की वर्ग विद्यार्थीकेंद्री झाला, अशी समजूतही रूढ झाली आहे. आम्ही शिक्षक नाही. बँकेच्या काउंटरपलीकडे बसणारी माणसे आहोत. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, कारण शाळेत राहून गेलेले काम काही वर्षांनी आमच्या काउंटरवर येऊन उभे राहते. दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा पैसे काढण्याची स्लिप हातात धरून विचारतो, “साहेब, यात काय लिहू?” स्लिप मराठीत छापलेली असते आणि त्याला वाचताही येते. पण दहा वर्षे त्याने फळ्यावरचे उतरवून घेतले, स्वतः ठरवून एक ओळ लिहिण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. तेथील मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करीत आणि त्यातूनच मोजमाप, विज्ञान व इतिहास शिकत. पुढे ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. ड्यूई यांचा लोकशाही आणि शिक्षण यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९१६ सालचाच. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या आपल्या भाषणग्रंथात बाबासाहेबांनी या गुरूचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. वर्गात मुकाट बसलेले मूल उद्या सभेतही मुकाटच बसणार, असा या विचाराचा अर्थ आम्ही घेतो. म्हणून हा विषय केवळ डी.एड.च्या अभ्यासक्रमापुरता नाही.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून प्रथम बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर करून दाखविले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच ‘कुरणशाळा’ भरविली. अंगणवाडी हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोचला. कुरणशाळेचे नाव मात्र फारसे कुणाच्या ओठी राहिले नाही, याची खंत वाटते.

आता आपल्याकडे पाहू. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतील कितीतरी घरांत बोली माडिया किंवा गोंडी. मूल पहिलीत येते आणि गुरुजी मराठीत बोलू लागतात. मूल गप्प राहते, मग ‘मंद आहे’ असा शेरा पडतो. ज्या भाषेत त्याला प्रश्न विचारता येतो ती भाषाच वर्गाबाहेर ठेवली, तर रंगीत तक्ते काय करणार? तेच मूल मे महिन्यात आईबापांबरोबर तेंदूपानांचे पुडे बांधते. ७० पानांचा एक पुडा, शेकड्याचा दर अमुक, आज घरचे पुडे इतके, तर फळीवर मजुरी किती मिळावी? यात गुणाकार आहे, त्रैराशिक आहे आणि मुनशीने कमी मोजले तर बोलण्याचे बळही आहे. पुस्तकातला सफरचंदांचा हिशोब त्याने कशासाठी करावा?

कायदा याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शिकणे कृतीतून, शोधातून, बालककेंद्री पद्धतीने व्हावे आणि शक्य असेल तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. २०२२ मध्ये त्याच कायद्याचा आधार घेऊन, मान्यता नाही म्हणून, शाळेला नोटीस आली आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. यावर अधिक भाष्य करण्याची गरज आम्हास वाटत नाही.

“गोंडीत शिकून नोकरी मिळेल काय?” असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. मराठी आलीच पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे. पण पहिली पायरी घरच्या भाषेची असली की पुढच्या पायऱ्या चढता येतात. आपल्या समाजातही हेच घडते. घरी झाडीबोली बोलणारे आपले पोर वर्गात ‘पानी’ म्हणाले की हसू होते. दोनदा हसू झाले की ते हात वर करणे सोडून देते, आणि आपण गाईड विकत आणून देतो.

विहारातील सायंकाळच्या अभ्यासवर्गात सध्या मुख्यतः गाईडमधील उत्तरांचे पाठांतर चालते. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस उत्तरे बंद ठेवावीत. मुलांनी बाजारात भाव विचारून घरखर्च मांडावा, वनहक्काचा अर्ज किंवा बँकेची स्लिप भरून पाहावी, आजीकडून ऐकलेले तिच्याच बोलीत लिहून आणावे. आणि वर्षातून एकदा आपल्या संस्थेचा जमाखर्च आठवी-नववीच्या मुलामुलींपुढे ठेवून त्यांना हवे ते विचारू द्यावे. कोषाध्यक्षांची थोडी अडचण होईल, इतकेच.