रॉड खांद्यावर घेण्याआधी

मिलो स्टाइनबॉर्न हा जर्मन पहिलवान १९२१ मध्ये अमेरिकेत गेला, त्या काळात स्क्वॉटचा रॅक ही सर्रास दिसणारी गोष्ट नव्हती. जमिनीवर वजनं चढवलेला बार तो एका टोकावर उभा करायचा, त्याला खांदा लावून खाली वाकायचा आणि बार तसाच पाठीवर आडवा पाडून घ्यायचा. मग बसकण, मग उठणं, आणि शेवटी त्याच वाटेने बार पुन्हा जमिनीवर. अडीचशे किलोच्या आसपासचं वजन त्याने असं पेललं. खोल, जड स्क्वॉटची गोडी अमेरिकेला लागली त्यात त्याचा वाटा मोठा आहे. मात्र वजन पाठीवर चढवण्याची ही तऱ्हा पुढे मागे पडली आणि तिच्या जागी रॅक आला. वजन छातीच्या उंचीवर तयार मिळावं आणि काम झालं की तिथेच परत ठेवता यावं, एवढ्याचसाठी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या बिकानेरमध्ये सतरा वर्षांची एक राष्ट्रीय पातळीवरची पॉवरलिफ्टर सराव करत होती. रॉडवर २७० किलो वजन होतं. ट्रेनर पाठीशी उभा होता. तोल गेला, रॉड मानेवर आला आणि त्या मुलीचा जीव गेला. ही बातमी देशभर पोहोचली आणि ‘मुलांनी जड वजन उचलूच नये’ असा सूर लागला. हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या घटनेने विचारायला लावलेला प्रश्न वेगळा आहे: वजन उठलं नाही, तर ते जाणार कुठे? जड स्क्वॉट करणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर रॉडखाली शिरण्याआधी ठरवलेलं असायला हवं.

उत्तर बहुतेक वेळा रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्यांमध्ये असतं. पूर्ण खाली बसल्यावर रॉड ज्या पातळीला येतो, तिच्या दोन-तीन बोटं खाली या दांड्या लावायच्या. नुसता रॉड घेऊन एकदा खाली बसून पाहिलं की उंची लगेच कळते. दांड्या फार वर लावल्या तर प्रत्येक रेपला रॉड आपटतो आणि तोल बिघडतो; फार खाली लावल्या तर त्या असून नसल्यासारख्या. वजन अडकलं की पुढे वाकायचं नाही, कारण पुढे वाकलं की रॉड मानेकडे घसरतो. छाती वर ठेवून सरळ खाली बसायचं, रॉड दांड्यांवर टेकू द्यायचा आणि खालून बाहेर निघायचं. हे हलक्या वजनावर मुद्दाम करून पाहिलेलं असावं. जे कधी केलंच नाही, ते घाबरलेल्या क्षणी सुचत नाही.

एकटा मित्र मागे उभा राहून ‘मी आहे, घे तू’ म्हणतो, तो धीर हलक्या वजनापुरता ठीक. शंभर-दीडशे किलोचा रॉड कोसळायला लागला तर मागचा माणूस तो थोपवू शकत नाही. तोही सोबत पुढे ओढला जातो. म्हणून जड सेटला रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक स्पॉटर हवा आणि ‘घे’ म्हटल्यावर दोघांनी एकाच वेळी हात घालायला हवेत. एकाने आधी उचललं की रॉड तिरपा होतो आणि कंबर पिळवटते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमानुसार स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर असतात. तिथे उतरणारे सगळे कसलेले खेळाडू असतात, तरीही. गल्लीतल्या जिममध्ये त्याहून कमी काळजी पुरेशी आहे असं समजण्याला काहीच आधार नाही.

आता प्रत्यक्ष रॉडकडे. रॅकवर तो छातीच्या मध्याच्या उंचीला असावा, म्हणजे उचलताना टाचा उंचवाव्या लागत नाहीत आणि परत ठेवताना थकलेल्या पायांनी चवडे ताणावे लागत नाहीत. मान खाली झुकवली की मानेच्या मुळाशी एक टेंगूळ हाताला लागतं. रॉड त्या हाडावर कधीच ठेवायचा नाही. त्याच्या खाली ठेवायचा. खांद्याची पाती एकमेकांकडे खेचली की तिथे स्नायूंची एक जाड गादी तयार होते, रॉडची जागा ती. टॉवेल किंवा फोमचा पॅड गुंडाळून घेण्याची वेळ येते, तेव्हा बहुधा रॉड हाडावर टेकलेला असतो. रॅकमधून निघताना दोन किंवा तीन छोटी पावलं मागे, बस्स.

पाय खांद्यांइतके रुंद, बोटं थोडी बाहेर वळलेली. नंतर श्वास, आणि घाई होते ती इथेच. उभं असतानाच पोटात खोल श्वास भरायचा आणि कुणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट, कुशी, पाठ सगळीकडून घट्ट करायची. हवा नीट भरलेलं टायर जसं ट्रकचा भार झेलतं, तसं हे दाबलेलं पोट कण्याला आतून आधार देतं. तो दाब धरून खाली जायचं, वर येताना कठीण टप्पा ओलांडला की श्वास सोडायचा आणि पुढच्या रेपसाठी नव्याने भरायचा. कमरेचा पट्टा याच कामाला मदत करतो, पोटाला दाबायला बाहेरून भिंत मिळते. ज्याने पोट घट्टच केलं नाही, त्याला पट्ट्याचा फारसा उपयोग नाही.

श्वास रोखण्याची दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी व्यायामपटूंच्या धमनीत सुई घालून, जड लेग प्रेस करताना रक्तदाब मोजला. सरासरी ३२०/२५० भरली. एकाचा ४८०/३५० पर्यंत गेला. निरोगी तरुण शरीर काही सेकंदांची ही उसळी सोसतं. ज्याला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, डोळ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड सेट करू नये.

‘गुडघे पायाच्या बोटांपुढे गेले की संपलं’ ही जिममधली सर्वांत पाठ झालेली सूचना. अमेरिकेतल्या फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी २००३ मध्ये ती तपासली. सात जणांना स्वतःच्या वजनाइतका बार देऊन स्क्वॉट करायला लावलं, एकदा मोकळेपणाने, एकदा गुडघ्यांपुढे लाकडी फळी उभी करून. फळीमुळे गुडघ्यावरचा बलाघूर्ण साधारण पाचव्या हिश्शाने घटला, पण माणसं पुढे झुकली आणि नितंबाच्या सांध्यावरचा बलाघूर्ण दहापटीहून जास्त वाढला. म्हणजे गुडघा वाचवायला जावं तर भार कमरेकडे सरकतो. उंच, लांब मांडीच्या माणसाचे गुडघे पुढे येणारच, येऊ द्यावेत. पाहायचं ते दुसरंच: गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जातात की आत कोसळतात, आणि टाचा जमिनीला चिकटून आहेत की उचलल्या जातात.

खोल बसण्याची भीतीही जुनी आहे. टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी १९६१ मध्ये, पूर्ण बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात असं मांडलं आणि ते कित्येक वर्षं प्रमाण मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासांत तसं आढळलं नाही. १९८९ मध्ये चँडलर आणि सहकाऱ्यांनी आठ आठवडे स्क्वॉट करवून घेतल्यावरही गुडघ्याचं स्थैर्य ढळलेलं दिसलं नाही. मग किती खाली जावं? ज्या खोलीपर्यंत टाचा टेकलेल्या राहतात आणि कंबर गोल होत नाही, तिथपर्यंत. आरशात बाजूने पाहिलं तर कळतं: तळाशी पोहोचताना माकडहाड आत वळतं आणि कमरेचा बाक निघून जातो. त्याच्या जरा वर थांबायचं. तालमीत बैठका मारणारे मल्ल टाचा उचलून झपाझप बसतात, ते नुसत्या शरीराच्या वजनावर चालून जातं. खांद्यावर रॉड असताना तीच सवय पुढे पाडते. ज्यांचं सगळं बसणं खुर्चीवर होतं, त्यांचा घोटा पुरेसा वाकत नाही. त्यांनी रोज थोडा वेळ उकिडवं बसावं, आणि तोवर टाच उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट वापरले तरी चालतात. धावण्याचे मऊ बूट मात्र नकोत, जड वजनाखाली तळवा त्यात डुलतो.

नवख्याने रॉडपासून सुरुवात करण्याची गरजही नाही. छातीशी एक डंबेल दोन्ही हातांनी धरून बसलं की पाठ आपोआप ताठ राहते. ते सहज जमू लागलं की नुसता रॉड, तोच २० किलोचा असतो. त्यानंतर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट, म्हणजे एका वेळी अडीच किलोची वाढ. सेट संपवताना अजून दोन रेप झाल्या असत्या, इतकी ताकद शिल्लक राहावी. मांड्या दुखणं, भरून येणं हे व्यायामाचंच लक्षण. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, किंवा कमरेतून पायात मुंग्या उतरल्या, तर सेट तिथेच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

जिमची फी भरण्याआधी यंत्रं किती नवी आहेत हे लोक पाहतात, आरसे पाहतात, एसी पाहतात. रॅकपाशी जाऊन सुरक्षा-दांड्या जागेवर आहेत का, त्यांची उंची बदलता येते का, रॉडला क्लिपा आहेत का, हेही पाहावं. आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत स्पॉटला नेमकं कोण उभं राहतं, हे ट्रेनरला तोंडावर विचारावं.