दीडशे मर्सिडीज आणि दहा अक्षरांचा पॅन

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एका झटक्यात 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी रुपये! व्यवहार उघड होता, गाड्यांना बँकेचं कर्ज होतं आणि बातमी देशभर गाजली. आज त्याच शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, कुणी अशी एकच गाडी घेतली, तर बातमी होणार नाही; आयकर खात्यात नोंद मात्र होईल. जून 2016 पासून 10 लाखांवरच्या गाडीवर विक्रेता ग्राहकाकडून 1 टक्का कर घेतो आणि त्याच्या पॅनवर भरतो.

गाडीसारख्याच इतरही नोंदी होतात. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा अधिक रोख भरली, तर बँक कळवते. 30 लाख किंवा त्याहून महाग प्लॉटची नोंदणी झाली, तर दुय्यम निबंधक कळवतो. गंमत अशी, की यांपैकी कुणालाच तुमचं उत्पन्न ठाऊक नसतं. शोरूमला प्लॉट माहीत नाही, निबंधकाला खातं माहीत नाही. पण सगळीकडे पॅनची तीच दहा अक्षरं असतात! आयकर खात्याची ‘प्रोजेक्ट इनसाइट’ ही यंत्रणा त्यांवरून नोंदी जुळवते आणि विवरणपत्राशेजारी मांडते. उत्पन्न 6 लाख आणि त्याच वर्षी 40 लाखांची खरेदी? प्रश्न आपोआप उभा राहतो. उत्पन्न लपवता येतं, खर्च लपवणं अवघड.

नोटाबंदीनंतर 31 जानेवारी 2017 रोजी सुरू झालेल्या ‘ऑपरेशन क्लीन मनी’त अशाच पडताळणीतून सुमारे 18 लाख खातेदार निवडले गेले. त्यांचा खुलासा ऑनलाइन मागवला, कार्यालयात हेलपाटे नाहीत.

कागदावर न आलेली रोकड मात्र संगणकाला दिसत नाही. तिथे आजही माणसंच जातात. ऑगस्ट 2022 मध्ये जालना-औरंगाबादच्या पोलाद उद्योजकांवरील छाप्यांत 56 कोटींहून अधिक रोख सापडली.

तफावत म्हणजे गुन्हा नव्हे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात आलेला मोठा मोबदला करमुक्त असू शकतो. फक्त कागद जपून ठेवावेत. आयकर पोर्टलवरच्या ‘एआयएस’मध्ये (वार्षिक माहिती विवरणात) खात्याला तुमच्याबद्दल काय कळलंय, ते तुम्हालाही दिसतं. विवरणपत्र भरण्याआधी ते उघडा आणि नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवा.