अंगणाचा उतार : आधी हिशेब, मग मुरूम



सरीचा उतार आपण डोळ्यांत तेल घालून काढतो. अंगणाचं मात्र राहून जातं. माझंही राहिलं. काळी जमीन पावसात फुगली, उन्हात आकसली आणि पडवीची भिंत तडकली.

पावसाआधी पाण्याची लेव्हल-नळी लावून बघा. भिंतीपासून १० फुटांत ६ इंच उतार हवा. सपाट अंगणात ३० फूट भिंतीला सरासरी ३ इंच भर म्हणजे ७५ घनफूट. धुमसाने ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून १ ब्रास धरा. वाहतूक, मजुरी आधीच ठरवा. भर जोत्याच्या खालीच ठेवा. पाणी विहिरीकडे किंवा शेजाऱ्याच्या दारात नको. चर काढून ओढ्याला सोडा.

मुरमाचा खर्च एकदाचा, भिंतीचा मात्र दर पावसाळ्याचा!