आईच्या डब्याचा रंग

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिला एक लोकल भेट द्यायची, असे आमच्या चिरंजीवांनी गेल्या मे महिन्यात जाहीर केले. माझ्या आईने कल्याण ते व्ही. टी. असा प्रवास नोकरीपायी तीसेक वर्षे केला. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तिची धाव गॅलरीपर्यंतच! तेव्हा आजी गाडीकडे जात नाही, तर गाडीनेच आजीकडे यावे, हा नातवाचा हिशेब.

ही लोकल खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. जगभरच्या हौशी मंडळींचे हे आवडते प्रमाण. आपल्या लोकलचा बारा फूट रुंद डबा या मापात बेचाळीस मिलिमीटरांचा होतो. चिरंजीवांच्या एका मित्राने तीन कोरे डबे थ्रीडी प्रिंटरवर करून दिले. मुलाने ते पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासले आणि साबणाने धुतले. बोटांचा तेलकटपणा राहिला, तर त्यावर रंग धरत नाही म्हणे.

मग प्रश्न आला रंगाचा. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, तेव्हापासून लोकलने कितीतरी वेष पालटले. २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या आणि आजच्या मुलांना तोच लोकलचा रंग वाटतो. पण आईची गाडी जुनी, पिवळी-तपकिरी, एकमार्गी विजेवर चालणारी. त्या विजेवरची लोकल-वाहतूक २०१६ च्या एप्रिलमध्ये थांबली. तपकिरी म्हणजे नेमका कसा? मी म्हणालो, चॉकलेटसारखा. सौ. म्हणाली, विटेसारखा. फोटो पाहावेत, तर दर फोटोत निराळा! शेवटी आईलाच आडून विचारले. ती म्हणाली, "गूळ थोडा करपला की होतो ना, तसा." त्या दिवशी खरोखरच घरात गूळ करपवला गेला.

रंगवण्याची रीत शिकण्यासारखी आहे. आधी करड्या अस्तराचा पातळ हात द्यायचा. मग फिकट रंग, म्हणजे पिवळा. तो पुरता वाळला की जिथे पिवळा ठेवायचा तिथे चिकटपट्टी लावून कड नखाने दाबायची. पट्टीच्या कडेवरून पुन्हा पिवळाच हलका फवारायचा. फट असली तर ती पिवळ्यानेच बुजते आणि वरचा तपकिरी आत झिरपत नाही. मुलाने पट्टी सोलली, तेव्हा रेघ सुरीने कापल्यासारखी निघाली. पोराच्या धांदरट हातांवरचा माझा अविश्वास त्याच दिवशी पुसला गेला.

आता अक्षरे. ती हाताने काढणे अशक्यच! डब्यावरचे वीतभर अक्षर इथे अडीच मिलिमीटरांवर येते. त्यासाठी डेकल लागते. डिंकाचा थर दिलेल्या कागदावर पातळ पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्यावर अक्षरे छापलेली असतात. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटतो आणि पापुद्रा डब्यावर अलगद सरकवता येतो. घरच्या छपाईयंत्रात पांढरी शाई नसते आणि तपकिरीवर तर फिकट अक्षरे हवीत. म्हणून काम बाहेर दिले. आठवड्याने कागद आला आणि माझे डोळे विस्फारले. 'महिला' या शब्दातली वेलांटी एक घर आधीच येऊन बसली होती. 'मिहला'!

"बाबा, अडीच मिलिमीटरांत कोणाला दिसणार आहे?" चिरंजीव म्हणाले.

"जिने या डब्यात तीस वर्षे काढली, तिला दिसेल."

तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी अक्षरांचे चित्र करून त्याने स्वतः पुन्हा छापायला दिले. चित्र केले की यंत्राला वेलांटी हलवता येत नाही, ही अक्कल त्याची. आयुष्यभर शुद्धलेखन शिकवणाऱ्या मला ती सुचली नव्हती.

डेकल लावण्यापूर्वी डब्याला चकचकीत वार्निश द्यावे लागते. खरबरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग पडतो. डेकल वाळले, की वरून बिनचमकीचे वार्निश. मग पापुद्र्याची कड नजरेतून जाते.

वाढदिवसाला आईने खोके उघडले. पुष्कळ वेळ ती भिंगातून पाहत राहिली. आम्ही तिघे श्वास रोखून उभे! अखेर ती म्हणाली, "सुरेख आहे रे. पण ही आमची गाडी नव्हे. इतकी स्वच्छ कधी होती? खिडक्यांखालचे पावसाचे ओघळ कुठे आहेत? आणि दारातल्या दांड्याजवळचा रंग तर हातांनी उडालेला असायचा."

चिरंजीवांचा चेहरा पडला. पाच महिन्यांची मेहनत आपल्याच हाताने मळवायची! पण आजीने त्याला शेजारी बसवून घेतले. ती सांगत गेली, तो करत गेला. खिडक्यांखाली पातळ करड्या रंगाचे ओघळ उतरले. चाकांजवळ खडूची तांबूस भुकटी बसली, कारण ब्रेक घासून उडणारी लोखंडाची धूळ तिथेच साठते. दाराजवळ बारीक ब्रशाने रंग उडवला. मधूनच ती थांबे आणि त्या दारात कोण उभी राही, कोणाची भाजी गाडीतच निवडून होई, बाळंतपणाची रजा संपवून आलेली कोण खिडकीकडे तोंड करून रडली होती, हे सांगे. मीही हे सारे प्रथमच ऐकत होतो.

संध्याकाळी तिने दाराजवळच्या त्या उडालेल्या रंगावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हं. आता आली आमची गाडी."