वर जा की खाली या?

मागच्या भागानंतर एका ताईंचा फोन आला. लेक पहिल्यांदाच विमानानं निघालीय. ताईंनी विचारलं, "वर ना रस्ता, ना सिग्नल. समोरून दुसरं विमान आलं तर?" प्रश्न आम्हाला आवडला, म्हणून आज तेवढंच बोलू.

रस्ते आहेत, फक्त ते इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक आहेत. मुंबईहून कोलकात्याला, म्हणजे पूर्वेला जाणारं विमान ३३ किंवा ३५ हजार फुटांवरून जातं. तिकडून परतणारं ३४ किंवा ३६ हजारांवरून. मध्ये हजार फुटांचं अंतर. जमिनीवर बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक रडारवर पाहून कुणी कुठल्या उंचीवर राहायचं ते सांगत असतो.

पण माणूस चुकतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ एक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि समोरच्या विमानावर आदळलं. ३४९ जण गेले. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. त्याला टीकॅस म्हणतात. दोन्ही विमानांतली ही यंत्रं आपसात बोलतात. आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा इशारा देतात, आणि धोका वाढला की एकाला वर जायला सांगतात, दुसऱ्याला खाली. समोरासमोर येणारी विमानं सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर जवळ येतात, त्यामुळे विचार करत बसायला वेळच नसतो.

मग यंत्र असूनही १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेन गावावर काय झालं? दोन विमानं, दोन्ही ३६ हजार फुटांवर. एकात रशियातली शाळकरी मुलं सुट्टीला निघालेली, दुसरं मालवाहू. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून एकटा नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, दुरुस्तीमुळे मुख्य फोन बंद. सगळा दोष त्याच्याच माथी मारणं आम्हाला पटत नाही. धोका दिसला तेव्हा मिनिटही उरलं नव्हतं. त्यानं रशियन विमानाला सांगितलं, खाली या. त्याच विमानातलं यंत्र म्हणालं, वर जा. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. मालवाहू विमानाला त्याचं यंत्र खालीच जायला सांगत होतं, आणि त्यानं ते ऐकलं. दोन्ही खाली आली. ७१ जण गेले. यंत्र काय सांगतंय हे नियंत्रकाला दिसतच नव्हतं.

तेव्हा कुणाचं ऐकायचं याचे नियम पुरेसे स्पष्ट नव्हते. आता आहेत: यंत्र आणि नियंत्रक उलट बोलले, तर यंत्राचं ऐकायचं. वैमानिक रेडिओवर "टीकॅस आरए" एवढंच कळवतो, आणि धोका टळेपर्यंत नियंत्रक त्या विमानाला वर-खाली करायला सांगत नाही.

ताई, असा प्रसंग क्वचितच येतो. आला तर विमान अचानक वर किंवा खाली जातं, आधी सूचना द्यायला वेळ नसतो. म्हणून पट्ट्याचा दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा बांधून ठेव, एवढं लेकीला सांगा.